तू गप्प होतीस ते पाच महिने

आय, तुला या हाकेने बोलावून किती वर्षं झाली ते मला नीटसं आठवत नाही. लहानपणी मी तुला आयच म्हणायचे, आपल्या कोळीवाड्यातली, पाचूबंदरातली सगळी पोरं म्हणायची तसं. मग कॉलेज संपल्यावर कधीतरी मी आई म्हणायला लागले आणि तू त्यावर काही बोलली नाहीस. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं. घरात काही कागद आला तर तो वाचून दाखवायचं काम माझंच असायचं, तेव्हा तू असतीस तरी हे पत्र तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि सध्या तेही जमलं नसतं. माझ्या घशात गाठी झाल्यात. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही. आज सहावा दिवस. काही हवं असलं तर मी वहीवर लिहून दाखवते, दारावरच्या दूधवाल्याला बोटांनी सांगते, आणि दिवसभर या खुर्चीत बसून तुझा विचार करते. पाच महिने तू हे कसं केलं असशील? तुझा तर घसाही दुखत नव्हता.

आवाजाचं वेड मला चर्चमध्ये लागलं हे तुला ठाऊक होतं. मी सातवीत असताना फादरांनी रविवारच्या मिस्साला पहिलं वाचन करायला मला उभं केलं. माइक उंच होता, म्हणून कुणीतरी पायाखाली लाकडी पाट आणून ठेवला. पहिलं वाक्य वाचलं आणि माझाच आवाज माझ्या पुढे धावत जाऊन भिंतींना आपटून परत आला. मी थबकले. मग पुढचं वाक्य मी हळू वाचलं, त्या परत येणाऱ्या आवाजाला जागा देत. मला तेव्हाच कळलं की मला हे येतं. बाहेर पडल्यावर तू माझी वेणी सारखी करत म्हणालीस, "तुजा आवाज पार होड्यांपरयंत गेला गो. तुजा बाबा तिथं जाला सांदत बसला हाय, त्यानं पन आयकला." घरी फळीवर बाबांचा रेडिओ होता. बाबा तांडेल, होडी त्यांच्या हुकमावर चालायची, त्यामुळे वाऱ्यापावसाची सूचना लागली की घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. त्या सूचना वाचणाऱ्या बाईच्या मागोमाग मी ओठ हलवायचे. बाबांना वाटायचं पोरगी प्रार्थना म्हणतेय.

मी बी. कॉम. झाले. आपल्या आळीत तोवर कुणी मुलगी एवढी शिकली नव्हती. बाबांनी ओळखीतून एका पतपेढीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दोन महिन्यांनी कामावर रुजू व्हायचं ठरलं होतं. टेबलखुर्ची, पंखा, घरापासून सायकलवर जाता येईल एवढं अंतर. आपल्या घरात यापेक्षा चांगली नोकरी कुणी पाहिली नव्हती. आणि त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं की निवेदक हवेत, आवाजाची चाचणी घेणार. मी पत्र पाठवून फॉर्म मागवला, भरला, फोटो चिकटवला आणि जाळ्याच्या दोऱ्याच्या डब्यात लपवून ठेवला. तो डबा तूच रोज उघडतेस हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी तू चुलीपाशी बसली आहेस. मी आत येते तर तो कागद तुझ्या मांडीवर, हात ओले म्हणून तू तो पदराने धरलेला.

"ह्यो फोटो कशाला लावला?" तू विचारतेस. "कुनी लगनासाठी मागितला?"

मला हसू येतं आणि रडूही. "लग्नाचा नाय गो. रेडिओचा हाय. मना रेडिओवर बोलायचा हाय."

तू खूप वेळ फोटोकडे बघतेस. मग म्हणतेस, "रेडिओवर तू कुनाला दिसनार नाय. मंग त्यांना फोटो कशाला?"

एवढंच. नाही म्हणाली नाहीस, रेडिओ कशाला म्हणाली नाहीस. बाबांना मात्र हे पटलं नाही. "पतपेढी पक्की हाय, रेडिओचा काय?" असं ते रोज म्हणायचे. तू दर वेळी ताटात भात वाढत म्हणायचीस, "पतपेढी कुटं पलून जात नाय." आय, पतपेढी पळून गेली. माझ्या जागी दुसरी मुलगी लागली. पण ते नंतर.

पहिल्या चाचणीला मी तुझी निळी साडी नेसून गेले. छोटी खोली, समोर जाड काच, डोक्यावर तांबडा दिवा. हातात एक छापील कागद दिला. पाणीपुरवठ्याची बातमी होती, आणि कोकणातल्या कोणत्याशा धरणाची. मी चर्चमध्ये वाचायचे तसं वाचलं. मला वाटलं फार छान झालं. काचेपलीकडच्या गृहस्थांनी मला शेवटचा परिच्छेद परत वाचायला लावला, मग आणखी एकदा. मग ते स्वतः उठून आत आले. वयस्कर, मायाळू माणूस. म्हणाले, "आवाज देवाने दिलाय तुम्हाला. पण तुम्ही पानी म्हणता, धरन म्हणता, कोनी म्हणता. तुमच्या लक्षात येतंय का?" माझ्या लक्षात येत नव्हतं. मी कागदाकडे पाहिलं, तिथे स्पष्ट ण होता, आणि मी शपथेवर सांगितलं असतं की मी ण म्हटलाय. आपल्या चर्चमध्ये सगळेच तसं बोलतात, म्हणून मला कधी कुणी टोकलंच नव्हतं. ते म्हणाले, "पाच महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे. तोवर जमलं तर या."

मी घरी येऊन सांगितलं की मी सोमवारी पतपेढीत जाते. तुला खरं वाटलं असेल की मी शहाणपणाने ठरवलं. ते शहाणपण नव्हतं. मी घाबरले होते. जे मला स्वतःला ऐकूच येत नाही ते मी सुधारणार कसं? तू सगळं ऐकून घेतलंस, त्या गृहस्थांचं वाक्य दोनदा वदवून घेतलंस आणि म्हणालीस, "सोमवारी नको जाऊस. आदी माज्यासंगती चल."

सोमवारी तू मला एव्हरशाईन सिटीत घेऊन गेलीस. तेव्हा तिथे नव्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या, अर्ध्या फ्लॅटांना पडदे आणि अर्ध्यांना नुसते वर्तमानपत्राचे कागद लावलेले. तू रोज टोपली घेऊन तिथल्या गल्ल्या फिरायचीस. एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. शाकाहारी. तुझी टोपली जिन्यात आली की त्या दार लोटून घ्यायच्या, उदबत्ती लावायच्या. पण जिन्यात दंगा करणाऱ्या मुलांना त्या रागावायच्या ते तू ऐकलं होतंस, आणि त्यांचं बोलणं रेडिओतल्या बाईसारखं आहे हे तुझ्या कानाने पकडलं होतं. तू टोपली खाली जिन्याखाली ठेवलीस. आवारातल्या नळावर हात धुतलेस, कोपरापर्यंत, दोनदा. मला टोपलीपाशी उभं केलंस. मी काय करत होते सांगू? मी ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती. कॉलेजातलं कुणी तिथे राहत असेल आणि मला माशांच्या टोपलीजवळ पाहील, याची भीती. तू मात्र वर गेलीस आणि बंद दार ठोठावलंस. मला सगळं खाली ऐकू येत होतं.

"आम्ही मासे घेत नाही हो," आतून आवाज आला.

"मी मासं इकाया नाय आले, बाई."

कडी निघाली. "मग?"

"माजी पोरगी खाली उभी हाय. ती रेडिओवर बोलनार हाय. तिला तुमच्यासारका बोलाया शिकवा."

दार पूर्ण उघडल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारलं, "मी कशी शिकवणार? आणि रेडिओवर बोलणार हे कुणी सांगितलं?"

"मीच सांगते," तू म्हणालीस.

आय, लोक मला विचारतात, तुम्ही एवढं धाडस कुठून आणलंत, कोळीवाड्यातली मुलगी, त्या काळात. मी काहीतरी उत्तर देते. पण धाडस तिथे जिन्यात झालं होतं, आणि ते माझं नव्हतं. मी ओढणीत तोंड लपवून उभी होते.

बाईंनी मला घेतलं. आठवड्यातून चार दुपारी. त्यांना मासे चालत नाहीत म्हणून तू उमेळे गावातल्या एका वाडीवालीला बोंबील द्यायचीस आणि तिच्याकडून बाईंसाठी अळू, केळी, कधी चाफ्याची फुलं आणायचीस. बाई कडक होत्या पण वाईट नव्हत्या. त्या मला आरशासमोर बसवायच्या, जीभ टाळ्याला कुठे लागते ते बघायला लावायच्या. एक महिना गेला. त्यांच्या खोलीत मी ण म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न घेऊन यायचे. एके दिवशी त्या वैतागल्या. म्हणाल्या, "अगं, इथे दोन तास बोलतेस आणि घरी बावीस तास दुसरंच ऐकतेस. कान जे ऐकतो तेच जीभ बोलते. मी तरी काय करू?" त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही. हे मी स्वतःशी पुष्कळदा घोळवलंय. त्यांनी सांगितलं नाही. ठरवलं मी.

त्या संध्याकाळी तू मागच्या दारी विळीवर बोंबील साफ करते आहेस. मी दारात उभी राहून बाईंनी दिलेलं वाक्य घोकते आहे. कोणी कोणाला पाणी आणलं. कोणी कोणाला पाणी आणलं. तू दिवसभर उन्हात फिरून आलेली, तरी खुशीत आहेस. माझं वाक्य ऐकून तुला गंमत वाटते आणि तू वर न बघता उत्तर देतेस, "कोनी आनला काय इचारतेस? मीच आनला, नलावरशी. दोन हंडं!" शेजारची काकू कुंपणापलीकडून हसते. तूही हसतेस.

आणि मी ओरडते. "तू गप्प बस ना! तुझं हे बोलणं कानात गेलं की माझं सगळं बिघडतं. महिनाभर केलेलं सगळं. चाचणी होईपर्यंत तू माझ्याशी बोलूच नकोस. एक शब्द बोलू नकोस!"

हे मी शुद्ध बोलले. सगळे ण बरोबर आले. मला त्या क्षणी तेही जाणवलं, आणि बरं वाटलं.

तू वर पाहिलंस. तोंड अजून हसण्यासाठी उघडं होतं. ते तू मिटलंस. मग पुढचा बोंबील उचललास. मला वाटलं तू चिडलीस, रात्रीपर्यंत बोलशील. तू चिडली नव्हतीस. मी जे मागितलं ते तू दिलंस, जसं पहिल्या चाचणीसाठी निळी साडी मागितली तेव्हा दिलीस.

पाच महिन्यांतले चार उरले होते असं हिशेबाने येतं, पण मला ते कायम पाचच वाटतात. जेवण तयार झालं की तू माझ्या ताटावर वाटी दोनदा वाजवायचीस. उठवायचं असलं की पायाचा अंगठा हलवायचीस. फार अडलं तर बाबांना मध्ये घालायचीस आणि बाबा अवघडून म्हणायचे, "तुजी आय इचारते, डोक्याला तेल लावू का?" तू समोरच उभी असायचीस, हातात तेलाची वाटी. बाबा पतपेढी गेली म्हणून माझ्यावर रागावलेले, तरी ते एकदा तुला म्हणाले, "बस झाला आता, बोल पोरीशी." तू मान हलवलीस. नाताळच्या दिवशी मला वाटलं की तू बोलशील. तू माझ्या कपाळावर क्रूस काढलास, ओठ हलवलेस, आवाज काढला नाहीस. मी घरात असले की तू बोलायला शेजारच्या ओट्यावर जायचीस. तिथून हसण्याचे आवाज यायचे. मी दारात आले की थांबायचे.

आणि ती खिडकी. तू मला त्याबद्दल कधी विचारलं नाहीस. मी बाईंकडे होते, दुपारचे बारा वाजले असतील. मी एक उतारा वाचत होते आणि खालून तुझी हाक आली. "पापलेट घ्या, बोंबील, ताजं बोंबील..." कितीतरी आठवड्यांनी मी तुझा मोकळा आवाज ऐकत होते. माझी जीभ त्याच ओळीत अडखळली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि खिडकी लावायला गेले. तू वर बघितलंस. डोक्यावर टोपली असल्यामुळे तुला मान वर करता येत नव्हती, म्हणून तू अख्खी मागे झुकलीस, एक हात टोपलीला, आणि मला पाहून चेहरा उजळला तुझा. मी खिडकी लावली. कडीसुद्धा घातली. परत येऊन बसले आणि तो उतारा एकही चूक न करता वाचला.

दुसऱ्या चाचणीत मी पास झाले. त्याच गृहस्थांनी काचेपलीकडून हात वर केला. मी घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. तू चुलीपाशी होतीस. मी धावत आत शिरले, "आई, पास झाले! आता बोल. आता काय वाटेल ते बोल माझ्याशी!"

तू उठलीस. माझा चेहरा दोन्ही हातांत घेतलास. तोंड उघडलंस, पुन्हा मिटलंस, जसं काही तोलून बघत होतीस. मग म्हणालीस, "पाणी देऊ?"

पाणी. ण होता त्यात. किंचित जास्तच जोर दिलेला, पण ण होता. आरसा नाही, बाई नाहीत, कुणी शिकवलं नाही. मी घोकत होते तेव्हा तू आतल्या आत ते ऐकत होतीस आणि शेजारच्या ओट्यावर म्हणून बघत होतीस, हे काकूने मला फार उशिरा सांगितलं. मी हसले, आय. मला वाटलं तू माझी थट्टा करतेस. मी म्हटलं, "वा, तूही झालीस पास." तूही हसलीस. पण ती थट्टा नव्हती. त्यानंतर तू माझ्याशी तशीच बोललीस. मोजकं, सांभाळून, शब्द आधी मनात लावून घेऊन. "जेवलीस का?" "बरी आहेस ना?" एव्हरशाईनमधल्या नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. बाबांशी, मावशीशी, अख्ख्या बंदराशी तू जशी होतीस तशीच बोलायचीस, भांडायचीस, गाणी म्हणायचीस. फक्त माझ्याशी नाही. मी किती वेळा म्हटलं, "अगं, बोल ना पूर्वीसारखं." तू म्हणायचीस, "बोलते आहे की."

माझं पहिलं निवेदन लागलं तेव्हा तू ते बाईंच्या घरी ऐकलंस. त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी तुला आत बोलावलं, खुर्ची दिली. पण तू बसली नाहीस, माझं बोलून संपेपर्यंत रेडिओसमोर उभी राहिलीस. का बसली नाहीस विचारलं तर म्हणालीस, "पोरगी कामावर हाय, मी कशी बसू?" बाईंच्या घरी तू आपल्या बोलीत बोलत होतीस. त्यांच्यापुढे तुला लाज नव्हती वाटत.

मग वर्षं गेली. मी वाचत राहिले. बातम्या, शेतीची माहिती, मच्छीमारांसाठी सूचना. बाबा त्या ऐकायचे आणि होडीवर सगळ्यांना सांगायचे की ही माजी पोरगी. बाबा गेल्यावर तू धंदा थांबवलास. मी फ्लॅट घेतला, तू कधीमधी येऊन राहायचीस आणि मी कामावरून आले की तू गॅसपाशी गप्प उभी. मला वाटायचं, वय झालं, थकली असेल.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं तुझी आजारपणातच गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, किडनीचा त्रास आता डोक्यापर्यंत गेलाय, माणसं ओळखणार नाहीत. तू पाचूबंदरलाच होतीस, मावशी तुझ्याजवळ. मी रजा घेऊन आले. सकाळची वेळ होती, तुझ्या खाटेवर ऊन आलं होतं. तू मावशीशी भराभरा बोलत होतीस, लहानपणच्या कुठल्याशा जत्रेबद्दल, आपल्या बोलीत, आणि तुझा आवाज तरुण झाला होता. मी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होते. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच, मी आले तरी तू थांबली नव्हतीस. मग मी जवळ बसले आणि म्हणाले, "आई, मी आले आहे. कसं वाटतंय तुला?"

तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या. डोळे मिटलेलेच. तू मावशीला म्हणालीस, "तो रेडिओ बंद कर गो. कवापासून बोलतो हाय. माजी पोरगी येल आता, मना तिचा आवाज कसा ऐकू येल?"

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने उठून खरोखरच फळीवरचा रेडिओ बंद करायचं नाटक केलं, बटण फिरवल्यासारखं. रेडिओ बंदच होता.

मी प्रयत्न केला, आय. मी वाकून तुझ्या कानाशी आपल्या बोलीत म्हणाले, "आय, मी आले गो. मीच हाय." शब्द बरोबर होते. पण रेडिओवरच्या श्रुतिकेत एखादी नटी कोळिणीचं काम करते ना, तसे ते निघाले. मला स्वतःला ऐकू आलं. तू तोंड भिंतीकडे वळवलंस.

त्यानंतर मी बोलले नाही. चार दिवस. तुझ्या खाटेशी बसायचे, ओठांना ओला कापूस लावायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी तू माझा हात चाचपलास, बोटं मोजल्यासारखी केलीस आणि म्हणालीस, "आली गो?" मी हात दाबला. आवाज काढला असता तर पुन्हा रेडिओ झाला असता. तू बोलायला लागलीस. माझ्याशी बोलतेस की मावशीशी ते मला कळत नव्हतं. म्हणालीस, पोरीचा अब्यास चालायचा तिथं वर, दुसऱ्या माल्यावर. मी खालशी हाक मारली का तिचा अब्यास मोडायचा. मंग मी त्या गल्लीत हाकच नाय मारली. मुकी जायची, मुकी यायची. गिऱ्हाईक बोलायचं, तू कवा येऊन जातेस ते कलत पन नाय. मग तू हसलीस. "कलनार कसा? पोरगी शिकत व्हती ना."

किती दिवस, आय? मला विचारायचं होतं. किती दिवस तू त्या गल्लीत मुक्याने फिरलीस? चाचणी होईपर्यंत, की नंतरही? मी पास झाल्याचं कळल्यावर तरी पुन्हा हाक मारलीस का? मी विचारलं नाही. हात धरून बसले. तू खूप वेळ बोलत होतीस, जवळजवळ उन्हं कलेपर्यंत, आणि मी एक शब्दही सोडला नाही. मला त्यातलं आता सगळं आठवत नाही. मी रेकॉर्डिंग करून जन्म काढला, आणि ती दुपार माझ्याकडे कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की घडी करून कपड्यांच्या कपाटात ठेवीन, आणि पंधरा दिवस संपले की कामावर जाईन. तिथे माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली मला विचारतील, मॅडम, कंटाळा नाही आला का गप्प बसून? मी काहीतरी उत्तर देईन.

लोकांना मी तुझ्याबद्दल सांगते तेव्हा असं सांगते की आईने माझ्यासाठी पाच महिने मौन धरलं, आणि ते आठवलं की मला झोप लागत नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. ते खरंच आहे. पण त्यातली एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, फादरांनाही नाही, कबुलीच्या वेळीसुद्धा नाही. ते महिने मला बरे गेले, आय. घर शांत होतं. मी कॉट दाराशी ओढून घ्यायचे, वही उघडायचे, तू पाय न वाजवता मागच्या दारी जायचीस, आणि मला वाटायचं, असंच राहिलं तर किती बरं होईल.